द्वेषातून घडणाऱ्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा खरोखरच हवा का?

प्रश्न – यवतेश्वरचा वाचक (सातारा)

नमस्कार. आमच्या साताऱ्यातील अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीसाठी हा विषय ठरवला असून प्रास्ताविकाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही, बँकेतून निवृत्त झालो आहे. म्हणून येथील जाणकारांपुढे दोन शंका मांडतो.

पहिली शंका तत्त्वाची आहे. एखाद्याला शेतीच्या वादातून मारले काय आणि तो अमुक जातीचा, अमुक धर्माचा किंवा परप्रांतातला आहे म्हणून मारले काय, मेलेल्या माणसाच्या घरचे दुःख सारखेच असते. मग दुसऱ्या गुन्ह्याला वेगळे कलम आणि वेगळी वागणूक कशासाठी? कायद्याने कृत्याला शिक्षा करावी; आरोपीच्या मनात काय होते हे उकरत बसणे म्हणजे विचारालाच पिंजऱ्यात उभे करणे नव्हे का, असे आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले आणि बैठकीत त्यावर कोणाकडेही समाधानकारक उत्तर नव्हते.

दुसरी शंका व्यवहाराची आहे. आपल्याकडे अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, भाषा अशा कारणांवरून केलेल्या खुनाचे कलम १०३(२) आले आहे. समाजासमाजांत तेढ वाढवणाऱ्या वक्तव्यांसाठी पूर्वीचे १५३अ, म्हणजे आताचे १९६ आहे. एवढे सगळे असताना आणखी एक कायदा आणून पोलीस ठाण्यातील कलमांच्या यादीत भर घालण्याखेरीज काय साधणार?

हा विषय आमच्यासाठी केवळ पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमांवरील मजकुरावरून हिंसाचार झाला, त्यात एका तरुणाचा जीव गेला आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या प्रकरणाच्या गुणदोषांवर येथे कोणी बोलू नये, अशी विनंती आहे. अशा घटनेनंतर नागरिकांनी कायद्याकडे नेमके काय मागावे, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ – कृष्णाकाठचा वकील (सांगली)

साहेब, आधी पहिली शंका घेतो.

फौजदारी कायदा फक्त कृत्य पाहतो, हे गृहीतकच मुळात खरे नाही. गाडीखाली माणूस सापडला तर निष्काळजीपणाने झालेला मृत्यू आणि ठरवून अंगावर गाडी घातली तर खून. प्रेत तेच, गाडी तीच, फरक फक्त चालवणाऱ्याच्या मनाचा. यावर कोणी म्हणेल की हा मारण्याचा उद्देश झाला, मारण्यामागचा हेतू नव्हे, आणि हेतू हा सहसा गुन्ह्याचा घटक नसतो. ते बरोबर आहे. तरीही एखादे विशिष्ट कारण समाजात पुन्हा पुन्हा जीव घेऊ लागले की कायदेमंडळाने त्या कारणाचे नाव घेऊन कलम केल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम आले ते याच कारणाने. ‘सून मेली ती हुंड्यापायी मेली की आणखी कशापायी, दुःख सारखेच’ असा युक्तिवाद आज कोणी करत नाही, कारण हुंड्यापायी होणारा छळ एका घरापुरता राहत नाही, लग्नाच्या वयाच्या प्रत्येक मुलीच्या बापाच्या काळजात तो धडकी भरवतो, हे सर्वांना पटलेले आहे.

द्वेषातून झालेल्या गुन्ह्याचे तसेच आहे. बांधाच्या भांडणात एकाला मारले तर शेजारच्या गावातला माणूस रात्री निवांत झोपतो, कारण त्याचा त्या बांधाशी संबंध नसतो. पण ‘तू अमुक आहेस म्हणून’ मारले, तर त्या नावाचा प्रत्येक माणूस, मग तो मारेकऱ्याच्या ओळखीचा असो वा नसो, उद्यापासून सावधपणे वावरू लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये विस्कॉन्सिन राज्याच्या खटल्यात हाच विचार मान्य केला: असे गुन्हे सूडाच्या प्रतिगुन्ह्यांना जन्म देण्याची आणि समाजात अस्वस्थता पसरवण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे त्यांची शिक्षा वाढवणे म्हणजे विचाराला शिक्षा करणे नव्हे. त्या खटल्यातील आरोपी कृष्णवर्णीय होता आणि मार खाणारा मुलगा गोरा होता, हे मुद्दाम सांगतो, कारण असे कायदे एकाच बाजूने चालतात असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. त्याच न्यायालयाने आदल्याच वर्षी, १९९२ मध्ये, सेंट पॉल शहराचा द्वेषपूर्ण चिन्हांवर बंदी घालणारा नियम घटनाबाह्य ठरवला होता. म्हणजे नुसते बोलणे किंवा चिन्ह दाखवणे वेगळे आणि डोके फोडणे वेगळे, ही रेघ त्यांनी दोन वर्षांत दोन निकालांनी आखून ठेवली. तुमच्या ज्येष्ठ सदस्यांना माझे उत्तर हेच राहील: माणसाने मनात काय बाळगावे यात कायद्याने पडू नये, पण त्या मनाने हातात काठी घेऊन सावज निवडले, तर त्या निवडीचा जाब विचारण्याचा कायद्याला अधिकार आहे.

आता दुसऱ्या शंकेकडे येतो, आणि येथे माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. कलम १०३(१) आणि १०३(२) शेजारी शेजारी ठेवून वाचा. साध्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आणि दंड. जमावाने जातीवरून, भाषेवरून केलेल्या खुनालाही फाशी किंवा जन्मठेप आणि दंड. जबर दुखापतीचेही तेच: ११७(२) खाली सात वर्षांपर्यंत, आणि जमावाने अशाच कारणांवरून केली तर ११७(४) खाली पुन्हा सात वर्षांपर्यंतच. जमावातील प्रत्येकाला जबाबदार धरण्याची तरतूद त्यात आहे, पण समान इराद्याची आणि बेकायदेशीर जमावाची कलमे त्यासाठी आधीपासूनच होती. शिवाय पाचाचा आकडा आहे. चौघांनी मिळून मारले तर हे कलम लागणार नाही. कारणांच्या यादीत वंश, जात किंवा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा आणि ‘तत्सम अन्य कारण’ आहे. ‘धर्म’ हा शब्द मात्र त्यात नाही. वकिलांनी तो ‘समाज’ किंवा ‘श्रद्धा’ यांत बसवायचा. एवढ्यावरून ‘आता कायदा आला’ असे समाधान मानणाऱ्यांनी नेमके काय आले ते एकदा तपासून पाहावे.

माझ्या अनुभवात शिक्षेच्या वर्षांनी फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो फिर्याद लिहिली जाते त्या टेबलावर. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची खरी ताकद शिक्षेत नाही, तर त्याने पोलीस ठाण्यावर आणि जिल्हा प्रशासनावर टाकलेल्या सक्तीत आहे. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, साठ दिवसांत दोषारोपपत्र न्यायालयात दाखल करायचे, खटला विशेष न्यायालयात चालवायचा, साक्षीदारांच्या प्रवासाची आणि संरक्षणाची जबाबदारी राज्याने घ्यायची, अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने द्यायचे. २०१६ च्या सुधारित नियमांप्रमाणे खुनाच्या प्रकरणात हे साहाय्य सव्वा आठ लाख रुपये होते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली स्वतंत्र शिक्षा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसून या सगळ्याचा आढावा घ्यायचा असतो.

यांतले किती घडते तो वेगळा प्रश्न आहे. पण कागदावर सक्ती असली की पीडिताच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळते. तुम्ही ज्या प्रकारच्या घटनेचा उल्लेख केलात तिच्यात किंवा परप्रांतीय मजुराला झालेल्या मारहाणीत यांतली एकही सक्ती लागू होत नाही. म्हणून माझे उत्तर असे की कायदा हवा, पण वाढीव शिक्षेचा नको, कार्यपद्धतीचा हवा.

उत्तर २ – निवृत्त मंडळ अधिकारी (कराड तालुका)

वकीलसाहेबांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझे आयुष्य सातबारा, फेरफार आणि रस्ताखुले प्रकरणांत गेले असल्यामुळे मला हा विषय थोडा वेगळा दिसतो.

गावातील भांडणाला एकच कारण क्वचित असते. वहिवाटीची वाट अडवली जाते, त्यावरून बोलाचाली होते, मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीचा राग त्यात मिसळतो, मग कोणीतरी कोणाची जात काढतो आणि हातघाईवर येते. तहसीलदारांसमोर हे प्रकरण वाटेचे असते, पोलीस ठाण्यात ते जातीचे होते, आणि दुसऱ्या बाजूने लगोलग मारहाणीची नाही तर जबरी चोरीची उलटी फिर्याद पडते. यांतला खरा हेतू कोणता, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? मी अशा अनेक ठिकाणी पंचनाम्याला उभा राहिलेला माणूस आहे आणि प्रामाणिकपणे सांगतो, भांडणाऱ्यांनाही ते स्वतःला सांगता येत नाही.

दुसरे असे की मंडळासाठी अभ्यास करणाऱ्यांनी आमच्या कराडचा खटला वगळून चालणार नाही. येथील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी प्रतिकूल शेरे लिहिले, त्यावरून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, पुढे त्या अधिकाऱ्यांवर खटला भरण्याची परवानगी नाकारणाऱ्या तंत्रशिक्षण संचालकांवरही गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २० मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने अटकेपूर्वी परवानगी आणि प्राथमिक चौकशी यांची अट घातली. फाईलवर लिहिलेला शेरा हाही जर अत्याचाराचा विषय होऊ शकत असेल, तर प्रत्येक समाजासाठी असाच कायदा झाल्यावर कार्यालयात सही करायला कोण धजावेल?

गुन्हेगाराला सोडा असे मी म्हणत नाही. खून हा खून म्हणून नीट तपासला, साक्षीदार फितूर होऊ दिले नाहीत आणि निकाल वेळेत लागला, तर वेगळ्या कायद्याची मागणीच उरणार नाही. गावात दोन समाज उद्या पुन्हा एकाच सोसायटीच्या दारात खतासाठी उभे राहणार असतात. गुन्ह्याला समाजाचे नाव चिकटले की आरोपीच्या मागे त्याचा सगळा समाज उभा राहतो आणि एका माणसाचे कृत्य दोन वस्त्यांचे वैर होऊन बसते, हे मी पाहिलेले आहे.

उत्तर ३ – शिक्षिका (जत तालुका)

भाऊसाहेब, तुमचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, पण ज्यांच्या मागे उभे राहायला समाजच नसतो त्यांचे काय, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्या तालुक्यातील लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून मारहाण झाली. चित्रफीत सगळीकडे फिरली, ते बचावले, पोलिसांनी पुढे अटकाही केल्या. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले गेले. त्यांतील बहुतेक जण मंगळवेढा भागातले, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातले होते. त्यांची मुले ज्या प्रकारच्या शाळांत शिकतात तशाच शाळेत मी शिकवते, म्हणून ही घटना मला बातमीसारखी वाचता आली नाही.

राईनपाड्याची गोष्ट वकीलसाहेबांच्या मुद्द्याशी ताडून पाहिली पाहिजे. डवरी गोसावी हे आपल्या राज्यात भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जातींत किंवा जमातींत नाही. त्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांना लागू होत नाही. मारणाऱ्यांच्या मनात त्या जातीविषयी द्वेष होता असेही म्हणता येणार नाही. त्यांच्या मनात भीती होती आणि मोबाइलवर आलेली अफवा होती. मग याला द्वेषाचा गुन्हा म्हणायचे की नाही? मला वाटते, म्हटले पाहिजे. त्या दिवशी आठवडी बाजारात परगावचे लोक पुष्कळ असतील, पण संशय गेला तो झोळीवाल्यांवर. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याचा कायदा केला. तो १९५२ मध्ये रद्द झाला. त्या कायद्याच्या यादीत कोण होते आणि कोण नव्हते याची गावाला माहिती नसते. पाल ठोकून राहणारा तो चोर, एवढेच मागच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाते.

राईनपाड्यानंतर आमच्याकडे येणारे भिक्षेकरी कागद घेऊन फिरू लागले. प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्डाची लॅमिनेट केलेली झेरॉक्स, तिच्यामागे स्वतःच्या गावच्या पोलीसपाटलांचे शिक्क्याचे पत्र आणि काहींकडे मुक्कामाच्या ठाण्यात नोंद केल्याची चिठ्ठी. दारात उभे राहिल्यावर गाणे म्हणण्याआधी तो माणूस पिशवी पुढे करतो. भिक्षेला आलेल्या म्हाताऱ्याने पाचवीतल्या पोराला पत्र वाचायला देऊन ‘बघ बाळ, खरं हाय का नाही’ असे म्हणताना मी पाहिले आहे. तुमच्या अभ्यासमंडळातील सदस्य विचारतात ना, की एका खुनाने इतरांचे काय बिघडते? हे बिघडते.

उपाय म्हणून मी एक उदाहरण देते. आपल्या राज्याने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे जातपंचायतींविरुद्धचे काम होते, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे असल्यामुळे हा इतिहास तुम्हा मंडळींना ठाऊक असेलच. त्या कायद्यात कोणत्याही जातीची यादी नाही. बहिष्कार घालणारा कोणीही असो आणि सोसणारा कोणीही असो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातीय अत्याचाराचा इतिहास एवढा दीर्घ आहे की १९८९ चा कायदा स्वतंत्र राहिलाच पाहिजे, त्यात पाणी घालता कामा नये. पण त्याच्या बाहेर राहिलेल्यांसाठी असा बिनयादीचा कायदा करता येईल, असे मला वाटते.

उत्तर ४ – मिरजकर

थोडक्यात एक सावधगिरीची सूचना करतो. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत कमानीवरील चित्रावरून जे पेटले ते सांगली, इचलकरंजीपर्यंत गेले आणि आम्ही संचारबंदीत दिवस काढले. त्यानंतर प्रत्येक सणाआधी शांतता समितीच्या बैठकीत चहा घेणारा माणूस म्हणून सांगतो, कायद्याची मागणी करताना बोलण्याचा गुन्हा आणि मारण्याचा गुन्हा एकाच पोत्यात भरू नका. बोलण्याच्या गुन्ह्यात न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १९६ प्रमाणे लागायची, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २१७ प्रमाणे लागते. मंजुरी कोणाच्या बाबतीत मिळणार आणि कोणाच्या बाबतीत ती फाईल मंत्रालयात पडून राहणार, हे सत्तेत कोण आहे यावर ठरते. सीमेपलीकडे कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये बेळगावच्या अधिवेशनात द्वेषपूर्ण वक्तव्ये आणि द्वेषमूलक गुन्हे यांवर एकत्रच विधेयक आणले आणि तेथेही सगळा वाद वक्तव्यांभोवतीच झाला. मार खाणारा माणूस चर्चेतून बाजूला पडला.

यवतेश्वरचा वाचक (सातारा)

सर्वांचे आभार. वकीलसाहेब, भाऊसाहेबांच्या दोन मुद्द्यांवर आपले म्हणणे ऐकायला आवडेल: एक म्हणजे मिश्र कारणांचे भांडण, आणि दुसरे म्हणजे कराडच्या खटल्यातील निर्देशांचे पुढे काय झाले. आपण ज्या ‘टेबला’चा उल्लेख केलात त्याविषयीही थोडे सविस्तर लिहावे.

कृष्णाकाठचा वकील (सांगली)

कराडच्या खटल्याची गोष्ट भाऊसाहेबांनी मध्यावर सोडली आहे. त्या निकालानंतर २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला, संसदेने त्याच वर्षी अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम १८अ घालून प्राथमिक चौकशीची आणि अटकेपूर्वीच्या मंजुरीची अट काढून टाकली, १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८अ वैध ठरवले. मात्र तसे करताना, प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनाला आडकाठी नाही, हेही स्पष्ट केले. म्हणजे फाईलवर शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण नाही, असे झालेले नाही.

मिश्र कारणांचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एकाच कुटुंबातील चौघांचा खून झाला. देशभर ते जातीय अत्याचाराचे प्रकरण म्हणून ओळखले गेले, पण भंडाऱ्याच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा देतानाही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्यामागे सूड पाहिला, जात पाहिली नाही. म्हणजे भाऊसाहेब ज्या गुंत्याविषयी लिहितात तो गुंता नेहमी आरोपीच्याच डोक्यावर बसतो असे नाही. बहुतेक वेळा त्याचा फायदा आरोपीला मिळतो. जमिनीचा वाद होता एवढे दाखवले की जातीचा मुद्दा गळून पडतो, जणू जमिनीचा वाद असलेल्या प्रत्येकाला गाव अशाच पद्धतीने संपवते! सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अनुसूचित जातीच्या तरुणीवरील बलात्काराच्या पाटण जमाल वली खटल्यात यावर उपयुक्त भाष्य केले आहे. जात हे गुन्ह्याचे एकमेव कारण असण्याची गरज नाही, अनेक कारणांपैकी ते एक असले तरी पुरते, असे न्यायालयाने म्हटले. पण गंमत पाहा, त्याच निकालात पुराव्याअभावी त्या कायद्याखालची शिक्षा रद्द झाली, बलात्काराची कायम राहिली. तत्त्व पीडितेच्या बाजूने, तपास तिच्या विरोधात.

आता टेबलाविषयी. अत्याचाराच्या ज्या फिर्यादी माझ्या वाचनात येतात त्यांत एक वाक्य जवळजवळ शब्दशः तेच असते: ‘तुम्ही लोक लई माजला आहात, असे म्हणून जातिवाचक शिवीगाळ केली.’ कोणती शिवी, कोणासमोर, कोणत्या जागी, त्या वेळी तेथे आणखी कोण उभे होते, आरोपी फिर्यादीला किती वर्षे ओळखतो, यापूर्वी असे घडले होते का, यांतले काहीही त्यात नसते. रात्री उशिरा ठाणे अंमलदार घाईत असतो, फिर्यादी भेदरलेला असतो आणि साचा तयार असतो. अपमानाच्या कलमासाठी तो प्रकार लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी घडलेला असावा लागतो आणि अपमान जातीमुळेच झालेला असावा लागतो. २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही असे ठरले. पुढे न्यायालयात उलटतपासणीत ते साच्यातले वाक्य पहिल्या दोन प्रश्नांत कोसळते, मग सगळे प्रकरण खोटे म्हणून गावात सांगितले जाते. भाऊसाहेबांना जे खोटे खटले वाटतात त्यांतले पुष्कळसे वाईट लिहिलेले खरे खटले असतात. सगळेच तसे असतात असा माझा दावा नाही.

द्वेषाच्या गुन्ह्याचा नवा कायदा झालाच तर त्यात पहिले कलम शिक्षेचे नसावे. हेतूचा पुरावा पहिल्या चोवीस तासांत कसा गोळा करायचा, याची सक्ती त्यात असावी. मारहाणीच्या वेळचे शब्द साक्षीदारांच्या तोंडचे जसेच्या तसे नोंदवणे, मोबाइलमधील संदेश आणि गटांमधील मजकूर पुसला जाण्याआधी ताब्यात घेणे, आरोपीचे पूर्वीचे वर्तन तपासणे, आणि हेतू आढळला नाही तर तसे कारणासह लिहिणे, एवढे झाले तरी पुष्कळ. हेतू ‘आढळला नाही’ असे सकारण लिहिण्याची सक्ती भाऊसाहेबांच्या बांधावरच्या आरोपीलाही उपयोगी पडेल.

निवृत्त मंडळ अधिकारी (कराड तालुका)

शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. पंचनाम्यात काय लिहिले नाही यावर किती प्रकरणे बुडतात हे आम्ही महसूलवाल्यांनी पाहिलेले आहे. मात्र ही सक्ती एखाद्या परिपत्रकाने का आणता येऊ नये? त्यासाठी कायदाच कशाला?

कृष्णाकाठचा वकील (सांगली)

परिपत्रकाचा प्रयोग झालेला आहे. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत निर्देश दिले: प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी, अफवांवर लक्ष ठेवणारे पथक, पीडितांसाठी भरपाईची योजना, शक्यतो सहा महिन्यांत निकाल. संसदेने स्वतंत्र गुन्हा निर्माण करावा, अशी शिफारसही त्यात होती. तो निर्देश परिपत्रकांच्या रूपाने सगळीकडे पोहोचला. आता तुम्ही तुमच्या जिल्ह्यातील नोडल अधिकारी कोण आहेत हे पाच सुशिक्षित माणसांना विचारून पाहा.

शिक्षिका (जत तालुका)

मी आमच्या स्टाफरूममध्ये विचारले. कोणालाही सांगता आले नाही, आणि त्यात मीही आले. आमच्या जिल्ह्यापुरता माहिती अधिकारात अर्ज करते. पथकाच्या बैठका कधी झाल्या आणि २०२२ नंतर भरपाई कोणाला मिळाली का, हे दोन प्रश्न त्यात घालणार आहे. सातारा जिल्ह्यासाठी तुमच्या मंडळाने तसाच अर्ज करावा, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांची उत्तरे शेजारी ठेवून वाचता येतील.